कळवते म्हटलं होतं, विहीणबाई

विहीणबाई, तुमच्या दहाव्याला तुमच्या गावी, ईटला, आले होते. अंगणात सतरंज्या टाकलेल्या, पुरुष बाहेर, बायका आत, आणि आतबाहेर सगळीकडं तुमचं कौतुक चाललेलं. लई मायाळू होत्या. लई सोशिक होत्या. कधी कुणाला वाकडा शब्द म्हणून बोलल्या नाहीत. हे शेवटचं कानावर आलं आणि मला चहाचा ठसका लागला. मला तुम्ही वाकड्या शब्दांचं अख्खं पोतं दिलंत आणि मी अजून त्यातलंच काढून वापरते. बायकांना वाटलं, विहिणीला हुंदका आवरत नाही. एकीनं पाठीवरनं हात फिरवला. मी फिरवू दिला.

तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, "ह्यातली इशेषणं काढा, अन् मग मागं काय ऱ्हातंय ते बघा."

माणसं पांगल्यावर जावईबापू माझ्याजवळ येऊन बसले. बोलायच्या आधी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकायची सवय त्यांनी तुमचीच उचललीय. म्हणाले, "मामी, आईची ती शेवटची कथा हाय ना, 'मागं फिरलेला खवा', ती छोट्या पुस्तिकेत छापावी म्हणतोय. महिन्याच्या जेवणाला पाहुण्यांना वाटू. शेवटी तुमचे दोन शब्द पाहिजेत. आईचं लिहिलेलं तुमच्याइतकं वाचलंय कुणी?"

मी बरं म्हटलं. लगेच वैशालीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. माझी लेक खरी, पण पंधरा वर्षं तुमची सून राहून तिला माझी खोड चांगली कळलीय. "आई, ह्या वेळी तरी गोड लिही. पाया पडते तुझ्या. शेवट वाचून सगळे रडतायत. ह्यांचे काका म्हणाले, वहिनीला आधीच समजलं होतं, ती तिच्या आईकडं निघाली होती, म्हणून तसं लिहून ठेवलं."

आणि माझी अडचण अशी की त्या शेवटाविषयीच मला तुम्हाला सांगायचं राहिलंय. मी 'कळवते' म्हटलं होतं. जे कळवायचं आहे ते गोड नाही.

तुम्हाला आठवतं का, आपली खरी ओळख फडताळातल्या कागदांवर झाली. लग्नात आपण भेटलो होतो ती भेट मी धरत नाही. तिथं तुम्ही पाटावर आणि मी दाराशी. सरपंचाला उपकेंद्राच्या पायरीवर उभं करून दम दिलेली नर्स मी. पण मुलीची आई झाले आणि माझा आवाज आपोआप घशात उतरला. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, तुम्ही घास घेतल्याशिवाय घ्यायचा नाही. मग ओवी झाली, वैशाली पुन्हा कामावर रुजू झाली आणि आपण दोघी पाळीपाळीनं धाराशिवला त्यांच्याकडं राहायला लागलो. एक निघायची, दुसरी पोचायची. मधली एखादी दुपार तेवढी एकत्र.

अशाच एका दुपारी मी माझ्या गावाहून, तेरहून, आलेल्या गाडीतनं उतरून घरी आले, तर सगळे डबे खाली फरशीवर, आणि तुम्ही स्टुलावर उभ्या राहून, मान तिरकी करून फडताळ वाचत होतात.

"विहीणबाई, हे डागतर विक्रम कोण?"

ते माझ्याच कथांचे कागद होते. संसार मांडताना वैशालीला फडताळात अंथरायला जुने कागद हवे होते, तेव्हा मीच गठ्ठा काढून दिला होता. जाऊ दे एकदाचा डब्यांखाली, म्हणून.

"तुरीच्या डाळीखाली यान बंद पडलंय. फुडला कागद कुठाय?"

"मसाल्याच्या डब्याखाली असेल," मी म्हणाले. "जाऊ द्या हो. लहानपणचा वेडेपणा."

"तसं कसं? मानसं वर लटकून ऱ्हायलीत की."

लहानपण कसलं, चांगली चोविशीची होते मी. उपकेंद्रावर नवी नवी लागलेली, आणि लसींच्या थंड पेटीवर कागद ठेवून विज्ञानकथा लिहायची. खरं नाव कमल. पण कमल नावाची बाई मंगळावर कशी जाणार, म्हणून 'नीहारिका' असं नाव घेतलेलं. ह्या नीहारिकेचे सगळे नायक उंच आणि गोरे असत. ते परदेशात राहत आणि सकाळी उठून कॉफी पीत. तिनं स्वतः कॉफी पाहिलेली नव्हती. एका कथेत डॉक्टर विक्रम घाईघाईनं कॉफी चावून खातो. बर्फही तिनं पाहिला नव्हता, त्यामुळं तिच्या कथेतला बर्फ पत्र्यावर टणटण वाजत पडतो. दिवाळी अंकाकडनं कथा परत आली की ती आरशापुढं उभी राहून म्हणायची, पन्नास वर्षांनी कळेल ह्या लोकांना. आता पन्नास वर्षं होत आलीत. लोकांना काही कळलेलं नाही, कारण त्यांचं तेव्हाच बरोबर होतं.

तुम्ही मसाल्याचा डबाही उचललात. उभ्यानं सगळं वाचलंत. खाली उतरलात, पदरानं चष्मा पुसलात आणि मला विचारलंत, "सहा वरसं यान चाललंय. चार गडी अन् एक बाई. भांडी कोण घासतं?"

"ते गोळ्या खातात."

"अन् पानी?"

"पाणी… असतं."

"म्हंजी पेले हायत. पेले कोण इसळतं?"

मी डबे उचलून परत फडताळात ठेवायला लागले.

"सिस्टर, कथा लई लांब गेलीय, पर मोरीपाशी गेली न्हाय."

त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा सिस्टर म्हणालात. राग आला होता हे खरं. पण पाळी संपवून तेरला परत जाताना गाडीत मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली. इतक्या वर्षांत माझ्या यानात कुणी शिरलंच नव्हतं, विहीणबाई. शिरून मोरी शोधणारं माणूस तर लांबच राहिलं.

मग तुमचं उघड झालं. तुम्हीही लिहीत होतात, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर. का लिहायला लागलात असं विचारलं, तर म्हणालात, "वाचनालयातली पुस्तकं सपली. मग काय करावं मानसानं?" तुमच्या घरच्या खव्याच्या भट्टीवर दूध आटेपर्यंत बाईला तिथून हलता येत नाही, हात फिरतो आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात तुम्ही विहिरी बोलत्या केल्यात, उद्याचा दिवस आजच उगवायला लावलात, पाऊस विकत आणणारा व्यापारी गावात फिरवलात.

तुमची विहिरीची कथा तुम्ही मला वाचायला दिलीत. मी काय करावं? वाचून झाल्यावर हात जोडले आणि म्हणाले, "फारच सुंदर! डोळ्यांत पाणी आलं."

"कुठल्या ओळीला?"

मी पानं उलटून ओळ शोधायला लागले.

"मुलीकडच्या हाव म्हणून गोड बोलताव व्हय?" तुम्ही कागद घडी करून कमरेला खोचलेत. "मानपान लग्नातच झाला की. आता कथेचा बी मानपान करायचा, तर मला तुमी नकोच. माझ्याकडं म्हशी हायत, त्या बी मान हालवतात."

मी म्हणाले, "तुम्ही मुलाच्या आई. तुमच्या लिहिण्याला नावं ठेवली तर उद्या माझ्या लेकीला ऐकावं लागेल."

ते तुम्हाला पटलं होतं, आणि पटलेलं तुम्हाला आवडत नसे. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणालात, "आसं करू. जिची कथा, ती मुलीकडची. जी वाचनार, ती मुलाकडची. कथा म्हंजी दाखवायची पोरगी. मग कुनी कुनाला काय बी इचारावं."

असा तो आपला दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. जिची कथा असेल तिनं चुरमुऱ्यांचा सुशीला करून समोर ठेवायचा. मान खाली घालून बसायचं. विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही. पोरगी बघायला आलेल्यांना तिच्या मनात काय आहे ते दिसत नसतं, समोर आहे ते दिसतं. मुलाकडची म्हणाली 'चालून दाखवा', की एक पान मोठ्यानं वाचायचं. आणि शेवटी तिनं निकाल द्यायचा. पसंत. पसंत नाही. किंवा पसंत, पण मागणी आहे. म्हणजे दोन पानं कापा, एक माणूस काढून टाका. हुंड्याला कायद्यानं बंदी, पण कथेकडनं काहीही मागा, असं तुम्ही म्हणायचात. आणि काहीतरी खटकतंय पण बोट ठेवता येत नाही, असं असलं तर, कळवते.

मुलाकडची होऊन बसायला मला काय मजा यायची म्हणून सांगू! वरमाईचा रुबाब मला जन्मात मिळाला नव्हता. मी पाय लांब करून बसायची. सुशील्यात मीठ कमी आहे म्हणून सांगायची. वैशाली दारातनं बघून कपाळावर हात मारायची.

तेरला नदीकाठी परग्रहावरचं यान उतरतं ती माझी कथा तुम्हाला आठवत असेल. डॉक्टर विक्रमला मी सेवानिवृत्त केलं होतं आणि गावात आले होते, ह्याचा मला मोठा अभिमान. यान उतरतं, दिव्य प्रकाश पडतो, ग्रामस्थ थक्क होऊन आकाशाकडं बघत राहतात आणि त्यातला एक वृद्ध म्हणतो, 'मानवजातीच्या इतिहासातला हा अपूर्व क्षण आहे.'

तुम्ही सुशीला खाता खाता थांबलात. "तेरचा म्हातारा आसं बोलला?"

"हो."

"तुमच्या शेजारचा म्हातारा ह्यो?"

"…नाही."

"यान उतरलं तर आपला मानूस पयलं काय इचारंल, सांगा."

मी विचार केला. "कुठनं आलं म्हणून विचारेल."

"न्हाय. कुनाच्या रानात उतरलंय, ते इचारंल."

विहीणबाई, ते वाक्य ऐकलं आणि माझी पन्नास पानं वाळलेल्या कडब्यासारखी पडली. सगळी पुन्हा लिहिली. यान दोन भावांच्या मधल्या बांधावर उतरवलं. अर्धं थोरल्याच्या तुरीत, अर्धं धाकट्याच्या हरभऱ्यात. परग्रहावरची माणसं शिडी सोडून खाली आली, तरी पंचनामा संपेपर्यंत त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. ती कथा छापून आली. अंक लहान होता, खताच्या जाहिराती कथांपेक्षा जास्त, पण नाव छापलं होतं आणि ते खरं नाव होतं. नीहारिकेनं जे आयुष्यभर मागितलं ते कमलला साठीनंतर मिळालं. ते तुमच्यामुळं. तोंडावर मी तुम्हाला म्हटलं होतं, "बरी सूचना होती." एवढंच. तुम्हीही म्हणाला होतात, "बरी सुधारली." आपल्या दोघींच्यात ह्याच्यावर कौतुक कधी गेलं नाही.

आणि मी तुम्हाला काय दिलं? मला वाटतं, मी तुमची माणसं उपाशी ठेवली.

तुमच्या कथांचा दोष एकच होता आणि तो सगळ्या कथांत होता. शेवटी सगळे जेवायला बसायचे. भूत असो, पावसाचा व्यापारी असो, वाट चुकलेला उद्याचा दिवस असो. भांडणं मिटायची, ताटं मांडली जायची. त्या गाव गिळणाऱ्या राक्षसाच्या कथेत तर तुम्ही कमाल केलीत. राक्षस वेशीपर्यंत येतो, माझ्या अंगावर काटा आलेला, आणि तुमची म्हातारी त्याला म्हणते, आलास तसा बस, भाकरी खाऊन जा. तो खातो आणि जातो.

मी निकाल दिला, "पसंत नाही. तुमच्या कथेतला राक्षससुद्धा जेवून जातो. ही कथा नाही, पंगत आहे."

तुम्ही नियम मोडला नाहीत. मान खाली घालून ऐकलंत, ताटली उचललीत आणि ईटच्या गाडीला निघून गेलात. मग किती दिवस फोन नाही. सुट्टीला ईटला गेलेली वैशाली फोनवर माझ्यावर उखडली. "आई, काय बोललीस तू सासूबाईंना? जेवताना कुणाशी बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, तुझ्या आईला इचार." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. वाटलं, ह्या आपल्या खेळाची किंमत पोरीच्या संसारातनं जाणार.

आणि एके दिवशी तेरच्या स्टँडवरनं निरोप आला, कंडक्टरकडं डबा आहे, घेऊन जा. डब्यात ताजा खवा, वर कॅलेंडरचं पान. कथेचा शेवट नव्यानं लिहिलेला. त्यात म्हातारी दार उघडत नाही. राक्षस रात्रभर बाहेर बसून राहतो, आणि सकाळी ओट्यावर फक्त त्याच्या बसण्याची जागा ओली असते. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'गेला बरं उपाशी. कथा चांगली झाली. पर मला काय झोप लागंना.'

वैशालीला फोन करून विचारलं, सासूबाई कशा आहेत? म्हणाली, "काय माहीत बाई तुमचं दोघींचं. आज गाणं म्हणत भट्टी लावलीय."

तुम्ही मुलाच्या आई होतात. एका शब्दानं माझ्या लेकीला त्रास देऊ शकला असता, जग देतं. तुम्ही शेवट पुन्हा लिहिलात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहितेय.

आता 'मागं फिरलेला खवा'. परवाच्या थंडीत धाराशिवच्या गच्चीवर, उन्हात शेंगा फोडत तुम्ही तो मला वाचून दाखवलात. आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते: भट्टीवर बसणारी गोदा नावाची बाई एकदा चुकून उलथणं उलट्या अंगानं फिरवते आणि तयार खव्याचं परत दूध व्हायला लागतं. उलटं फिरवत गेलं की वेळही मागं जातो, हे तिला कळतं. ती फिरवत राहते. दूध म्हशीकडं परत जातं, म्हशी बाजारात, लेक शाळेत, नवरा ताप येण्याच्या आधीच्या दिवसात. शेवटी गोदा पोर होऊन तिच्या आईच्या मांडीवर पोचते आणि आई तिला दूधभात भरवते.

मी म्हणाले, "कळवते."

तुम्ही हसलात. "म्हंजी न्हायच की."

"नाही असतं तर नाहीच म्हटलं असतं. काहीतरी खटकतंय. बोट ठेवता येत नाही."

"मग लवकर ठिवा. मला दुसरी लिवायचीय."

त्यानंतर फोनवर ओवीचा खोकला झाला, जावईबापूंची बदली झाली, तुमच्या म्हशीचं वासरू झालं. दर वेळी तुम्ही शेवटी विचारायचात, "घावलं का?" आणि मी म्हणायची, शोधतेय. मग एके सकाळी फोन वैशालीचा आला.

घावलं, विहीणबाई. तुमच्या दहाव्यालाच घावलं. आलेल्या-गेलेल्यांच्या चहासाठी तुमच्या भट्टीच्या कढईत दूध चढवलं होतं. बायका बोलण्यात गुंतल्या आणि दूध भसकन उतू गेलं. सगळ्या हळहळल्या, कुणी अशुभ म्हणालं, आणि मी मात्र मनात ओरडले, सापडलं!

तर कळवते. मोकळेपणानं कळवते, कारण बाकी सगळ्यांनी तुम्हाला आता देव करून ठेवलंय आणि देवाच्या कथेतली चूक कुणी काढत नाही. मला तुम्हाला इतक्या लवकर देव्हाऱ्यात बसवायचं नाही.

आधी चांगलं. 'छताला गेलेली वाफ पाय मोडत खाली उतरली आणि कढईत जाऊन बसली', हे तुमचं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. गच्चीवर ऐकलं तेव्हा हेवा वाटला, म्हणून मी शेंगा फोडत राहिले, वर बघितलं नाही. ह्या वेळी 'कुठल्या ओळीला' म्हणून विचारलंत तर उत्तर तयार आहे.

आता खोट. खवा उलटा फिरला, त्याचं दूध झालं. मान्य. दूध वाढत वाढत कढईच्या काठाला आलं. मग? त्याच्या मागचं दूध कुठं ठेवणार? पन्नास वर्षांचं दूध एका कढईत मावतं कसं? तुम्हीच घातलेला नियम तुम्हीच चौथ्या पानावर मोडलात. तुमची कढई एका सकाळचीच आहे, विहीणबाई. गोदाला मागं जाता येईल ते तेवढंच. एका सकाळच्या दुधापर्यंत. त्याच्या पुढं एक फेरा जास्त मारला तर उतू जाईल आणि ती सकाळही हातची जाईल. कथा ह्यात आहे. सगळं आयुष्य परत मिळत असेल तर बाई हात चालवत राहील, त्यात कसली ओढाताण? पण एकच सकाळ मिळणार असेल तर तिनं कोणत्या दिवशी उलथणं उलटं फिरवावं, हा प्रश्न आहे. आणि बहुतेक माणसांना तो दिवस मागाहून कळतो, तेव्हा खवा विकला गेलेला असतो.

आणि तो दूधभात काढून टाका. तुम्हाला आधी समजलं होतं, तुम्ही आईकडं निघाला होतात, असलं काही मी मानत नाही. तुम्हाला कथेत कुणी उपाशी राहिलेलं बघवत नव्हतं, म्हणून तुम्ही गोदाला जेवू घातलंत. एवढंच आहे ते. पण ते एवढं मला फार आहे.

गोदानं कोणती सकाळ निवडावी, हे मी लिहिणार नाही. कथा तुमची आहे. मुलाकडच्यांनी दुसऱ्याची पोरगी नव्यानं जन्माला घालायची नसते.

हे एवढं लिहून काल मी ईटला गेले आणि जावईबापूंना वाचून दाखवलं. वैशाली दाराला टेकून उभी होती. वाचता वाचता मला तिचा श्वास ऐकू येत होता. 'दूधभात काढून टाका' इथं आले तेव्हा जावईबापूंनी मान खाली घातली. वाचून झालं. ते उठले आणि बाहेर गेले.

"झालं समाधान?" वैशाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "महिना नाही झाला अजून, आई."

मी कागद गोळा करत होते. म्हातारीनं इतकं हट्टी असू नये, असंही वाटलं. दोन गोड शब्दांत काय बिघडलं असतं?

मग जावईबापू परत आले. उभ्यानंच म्हणाले, "मामी, तुमचं चुकतंय."

"कुठं?"

"आई कढई काठापर्यंत कधी भरतच नव्हती. चार बोटं मोकळी सोडायची. त्या दिवशी दूध उतू गेलं, कारण पाहुण्यांनी काठोकाठ भरलं होतं. आईच्या हातचं कधी उतू गेलेलं मी बघितलं न्हाय." ते खाली बसले, गुडघा झटकला. "लहानपणी म्या एकदा शहाणपणा करून काठापर्यंत ओतलं, तर उलथण्याचा दांडा बसलाय इथं. तेव्हा सांगितलं होतं तिनं, चार बोटं सोडायची म्हणून. म्हंजी गोदाला एका सकाळच्या जरा मागं जाता येतंय. तुमचं गणित बसत न्हाय."

मी म्हणाले, "किती मागं?"

"सांजचं दूध बी असतंय की," ते म्हणाले. "आदल्या सांजेचं. चार बोटांत तेवढं बसतं. म्हंजी आदल्या सांजेपर्यंत."

"सांजचं दूध रात्रीच तापवून ठेवतात. ते कढईत सकाळी पडतं. ते सकाळचंच धरायचं."

"असं कसं धरायचं? काढलंय सांजच्याला!"

वैशाली आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली.

तुम्ही होतात तोवर जावईबापूंनी तुमचं काही वाचलं नव्हतं, विहीणबाई. आईचा नाद, म्हणून सोडून द्यायचे. कागद लागला तर आणून द्यायचे, तेवढंच. काल संध्याकाळी त्यांनी तुमची कॅलेंडरची पानं मांडीवर घेतली आणि चौथं पान दोनदा वाचलं. पेन्सिल मागितली. आदल्या संध्याकाळी तू कुठं असायचीस, आई, काय करायचीस, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत समासात लिहायला लागले. मी निघाले तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला आले, आणि गाडी हलली तरी खिडकीशी चालत चालत सांगत होते की सांजचं दूध सकाळचं धरता येत नाही, मामी, पुन्हा विचार करा.

पुस्तिका छापायला चाललीय. तुमची कथा आहे तशी, दूधभातासकट. त्याखाली हे माझं. आणि माझ्याखाली तुमच्या लेकानं काढलेली माझी चूक, त्याच्या नावानिशी. मी अजून ती मान्य केलेली नाही. उद्या त्यांना फोन करून तसं सांगणार आहे.